गरज, हौस आणि हाव

भाद्रपद जवळ आला की आपल्या बेटावरच्या मराठी घरांत दोन प्रकारची लगबग सुरू होते. पहिली देवघरातली. मूर्ती कोठून आणायची, मखर कोण करणार, मोदकांना नारळ किती लागतील, संध्याकाळच्या भजनाला पेटी कोण वाजवणार, तरुणांच्या झाकरीची तालीम कोठे घ्यायची, अशी बोलणी चालतात आणि ती ऐकताना मनाला बरे वाटते. दुसरी लगबग दुकानातली. पाहुणे येणार म्हणून बैठकीच्या खोलीत नवा सोफा हवा, गेल्या वर्षीचे पडदे आता जुने दिसतात, आपला टीव्ही भावाच्या टीव्हीपेक्षा लहान आहे, असे एकेक विषय निघतात. दुकानदार हप्त्यांचा कागद पुढे सरकवतो, त्यावर सही होते. गणपती दीड दिवसांनी किंवा पाच दिवसांनी आपल्या गावी जातात. तो कागद मात्र तीन वर्षे घरात मुक्काम करून राहतो.

ऋण काढून सण करू नये, हे आपल्या घरांत कोणाला ठाऊक नाही? आपले पूर्वज कोकणातून आणि घाटावरून निघून मुंबई बंदरात जहाजावर चढले, तेव्हा त्यांच्या गाठोड्यात फार काही नव्हते. पण असली शहाणपणाची बोली बरोबर होती. आज ती म्हण आपण मुलांना निबंधासाठी शिकवतो आणि सणाच्या आधी स्वतःच विसरतो. म्हणून या आठवड्यात या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

मराठी भाषेने या विषयाची निम्मी शिकवणी आधीच करून ठेवली आहे. तिच्यात तीन शब्द आहेत : गरज, हौस आणि हाव. या तीन शब्दांना आपण कोणती क्रियापदे जोडतो ते पाहावे. गरज भागते. हौस फिटते. हाव सुटते. तहान पाण्याने भागते, म्हणजे पुरेसे पाणी मिळाले की तहान संपते. गरजेचेही तसेच आहे. कर्ज फिटते, तशी हौस फिटते. तिचीही काही एक रक्कम असते, ती एकदा चुकती केली की माणूस मोकळा होतो. आणि हाव सुटते, जसा वारा सुटतो किंवा दावे तोडून जनावर सुटते. ‘माझी हाव भागली’ किंवा ‘माझी हाव फिटली’ असे कोणी म्हटलेले आम्ही आजवर ऐकले नाही. जी गोष्ट कधी घडतच नाही तिच्यासाठी भाषेने शब्दही घडवला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हौस म्हणजे पाप नव्हे. मुलीच्या लग्नात आईने चांगले लुगडे नेसावे, रविवारी मुलांना समुद्रावर न्यावे, वर्षातून एकदा पुरणपोळीवर तुपाची धार धरताना हात आखडू नये, यात वाईट काय आहे? ज्या घरात हौस नाही ते घर लवकर म्हातारे होते. अडचण हौशीची नाही. अडचण अशी की हाव कधीही आपले खरे नाव सांगून दारात उभी राहत नाही. ती गरजेचे कपडे घालून येते.

मोबाइल ही आज गरज आहे, हे कोणी नाकारणार नाही. शाळेचा निरोप त्यावर येतो, आणि इंग्लंडला किंवा कॅनडाला गेलेल्या, अथवा क्रूझ जहाजावर नोकरी करणाऱ्या मुलाचा चेहरा आईला त्यावरच दिसतो. परंतु चालता फोन बाजूला ठेवून दरवर्षी नवा घेणे ही गरज नव्हे. गावातून शेवटची बस लवकर सुटत असेल आणि घरात आजारी वडील असतील, तर गाडी ही गरज आहे. शेजाऱ्याने गाडी बदलली म्हणून आपणही बदलणे ही गरज नव्हे. आपल्याकडच्या ‘लेसन’चेच पाहा. गणितात कच्च्या असलेल्या मुलाला शाळेबाहेर थोडी मदत लागते, हे समजण्यासारखे आहे. पण मावशीची मुलगी चार विषयांची लेसन घेते म्हणून आपल्या मुलीला पाच विषयांची लावायची, ही कोणाची गरज? त्या मुलीची खरी गरज झोपेची आणि खेळण्याची असते, आणि नेमकी तीच तिच्याकडून काढून घेतली जाते. लहान वर्गांत दुपारी डोळे मिटणारी मुले पाहणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हे ठाऊक आहे.

गरज ओळखणे तसे कठीण नाही, याचा अनुभव आपण सर्वांनी एकदा घेतलेला आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देश बंद झाला. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सुपरमार्केटचे दरवाजेही काही दिवस बंद राहिले. त्याच आठवड्यात २५ मार्चला गुढीपाडवा होता. एप्रिलच्या आरंभी दुकाने पुन्हा उघडली तेव्हा आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे वार ठरवून दिले होते, आणि आत थांबायला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात कोणाचा गोंधळ झाला? तांदूळ, पीठ, डाळ, तेल, दुधाची पावडर, साबण. आणि रांगेत उभे राहण्याआधी म्हाताऱ्यांची औषधे. यादी लिहायला कोणाला अर्थशास्त्र शिकावे लागले नाही. त्या वर्षी गुढी घरात असलेल्या कापडाची उभी राहिली, आणि देवाने ती परत पाठवल्याचे कोणी सांगितलेले नाही. त्या दिवसांचे कौतुक करण्याचा आमचा हेतू नाही. रोजच्या मजुरीवर ज्यांची चूल पेटते त्यांच्या घरी तेव्हा खरोखर चणचण होती, आणि शेजाऱ्यांनी पोचवलेल्या पिशवीभर सामानाचे मोल त्यांनाच ठाऊक. सांगायचे एवढेच की, आपल्याला गरज ओळखता येते. आपण ती विसरतो, एवढेच.

आणि विसरण्याची किंमत पडते. एक साधे गणित करू. समजा, एखादी वस्तू रोखीने ३०,००० रुपयांना मिळते. तीच आपण महिना १,२०० रुपयांच्या हप्त्याने ३६ महिन्यांसाठी घेतली, तर एकूण ४३,२०० रुपये भरतो. पहिल्या पंचवीस हप्त्यांत वस्तूची किंमत पूर्ण होते. पुढचे अकरा हप्ते, म्हणजे १३,२०० रुपये, आपण कशाचे भरतो? थांबता आले नाही त्याचे. तेच १,२०० रुपये दरमहा बाजूला टाकले असते, तर पंचवीस महिन्यांनी वस्तू घरात आली असती आणि कदाचित तोवर तिची हौसही उरली नसती. डिसेंबरमध्ये कायद्याने मिळणारा तेरावा पगार हातात येण्यापूर्वीच खर्चून टाकणारी घरे आपल्या समाजात थोडी नाहीत. जानेवारीत शाळा सुरू होते, वह्या-पुस्तके, बूट आणि गणवेश घ्यायचे असतात. ही खरी गरज. आणि नेमक्या तिच्याच वेळी खिसा रिकामा असतो. मग नवे कर्ज, आणि त्या कर्जामुळे नवरा-बायकोत शब्दाला शब्द. मुले दाराआडून सगळे ऐकत असतात.

येथे कोणी तरुण वाचक म्हणेल, ‘हे सगळे ठीक आहे, पण असेल त्यात समाधान मानावे, असे सांगूनच तर गरिबांना गरीब ठेवतात.’ हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजाने करारावरचे पहिले छत्तीस भारतीय मजूर या बेटावर आणले. महिना पाच रुपये पगार, आणि वर तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. पुढे आपले मराठी पूर्वजही अशाच करारांवर आले. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. त्या माणसांना ‘पाच रुपयांत समाधान माना’ असे सांगण्यात मळेवाल्यांचाच फायदा होता. १९०१ साली मोहनदास गांधी या बेटावर थोडे दिवस थांबले, तेव्हा त्यांनी इथल्या भारतीयांना मुले शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला असे सांगितले. १९०७ साली मणिलाल डॉक्टर आले आणि मजुरांची बाजू कोर्टात मांडू लागले. गावोगावच्या बैठकांत दिवसभर राबलेली माणसे रात्री दिव्याच्या उजेडात अक्षरे गिरवीत. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले, त्यामागे अशा किती पिढ्यांचा आग्रह होता! शाळा मागणे, न्याय मागणे, आजारपणात औषध मागणे ही हाव नव्हती. ती गरज होती, आणि गरजेसाठी भांडावेच लागते.

त्याच माणसांनी त्या तुटपुंज्या पैशांतून पै पै साठवली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या मळ्यांच्या जमिनीचे तुकडे पाडून विकले जाऊ लागले तेव्हा अनेकांनी जमिनीची पट्टी घेतली. आपल्यापैकी कित्येकांची घरे आज अशाच पट्ट्यांवर उभी आहेत. कशावर पैसा घालायचा आणि कशावर नाही, हे ठरवता येणे ही त्यांची शक्ती होती.

आपल्या शास्त्रांनीही समाधान आणि प्रयत्न यांची फारकत केलेली नाही. पतंजलींनी योगसूत्रांत पाच नियम सांगितले : शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान. संतोषाच्या लगेच पुढे तप आहे. म्हणजे संतोषी माणसाने हात जोडून बसून राहावे असे नव्हे. त्याने झिजावे, शिकावे, आणि शेवटी आपल्या कष्टाचे फळ ईश्वराच्या पायी ठेवावे.

मग प्रश्न उरतो तो असा : गणित कळते, म्हण पाठ आहे, तरी आपण सही का करतो? आम्हांला वाटते याचे कारण असे की, नवा सोफा बसण्यासाठी घेतलेलाच नसतो. बसायला जुना पुरेसा असतो. नवा सोफा चार लोकांच्या डोळ्यांत आपली जागा वर जावी म्हणून घेतलेला असतो. भूक असते मानाची, आणि तिच्यापुढे आपण वाढतो वस्तू. म्हणून ती भूक भागत नाही. पाहुण्यांनी दोन दिवस वाहवा केली की तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या घरी त्याहून मोठा सोफा येतो.

श्रद्धेचे काम येथे सुरू होते. देवापुढे उभे राहिलेल्या माणसाला तेथे आपली जागा विकत घ्यावी लागत नाही. विठोबाच्या संतमेळ्यात सावता माळ्याने भाजीचा मळा सोडला नाही, गोरा कुंभाराने चाक सोडले नाही, जनाबाईने जाते सोडले नाही. यांपैकी कोणाच्याही मोठेपणाला वस्तूंचा आधार नव्हता. तुकोबांची गोष्ट तर विशेष विचार करण्यासारखी आहे. त्यांच्या घराण्याचा व्यापार होता, सावकारी होती. दुष्काळात पहिली पत्नी आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. लक्षात घ्या, ती खते त्यांनी दुसऱ्यांना द्यायच्या पैशांची नव्हती, दुसऱ्यांकडून येणाऱ्या पैशांची होती. अडचणीत असलेल्या माणसाने आपले येणे सोडले. संसार मात्र सोडला नाही. ज्याला आपली खरी जागा सापडली आहे, त्यालाच एवढे सोडता येते.

पण अशी श्रद्धा एका दिवसात येत नाही. तिला सराव लागतो, आणि तो सराव आपल्या सणांत आधीच घालून ठेवला आहे. सणापूर्वी आपण काही दिवस मांस-मासळी सोडतो, ज्याला इथे आपण क्रिओलीत ‘कारेम’ म्हणतो. जिभेला ‘आज नको’ सांगण्याची ती शिकवणी आहे. अर्थात त्या काळात ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असे केले, तर शिकवणी फुकट गेली. नैवेद्याला एकवीस मोदक असतात. शेजाऱ्याने एक्कावन्न केले म्हणून आपण एकशे एक करावेत असे कोठेही सांगितलेले नाही. देवाच्या ताटाला मोजमाप आहे, आणि देवापुढे ठेवलेले ताट परत आल्यावर ते एकट्याचे राहत नाही, प्रसाद म्हणून वाटले जाते.

सर्वांत मोठा सराव विसर्जनाचा. ज्या मूर्तीसाठी आठवडाभर जागलो, जिची डोळे भरून आरती केली, ती आपण स्वतःच्या हातांनी उचलून नदीवर किंवा समुद्रावर नेतो आणि पाण्यात सोडतो. ‘एवढी सुंदर आहे, राहू दे आपल्याकडेच’ असे कोणी म्हणत नाही. लहान मूल रडते, त्याला आपण सांगतो की बाप्पा पुढच्या वर्षी येतील. रिकाम्या मखराकडे पाहताना घर थोडे सुने वाटते, तरी मन भरलेले असते. आपल्याजवळ काही उरलेले नसताना मन भरलेले असणे, यालाच आम्ही टिकणारे समाधान म्हणतो. वर्षातून एकदा प्रत्येक मराठी घर हा धडा गिरवते. मग तोच धडा फोनला, पडद्यांना, गाडीला लागू करताना आपला हात का थरथरावा?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात समुद्राचा दृष्टान्त आहे. नद्या त्याच्यात येऊन मिळतात, पण तो आपली मर्यादा सोडत नाही. तसा ज्याच्या मनात इच्छा येऊन विरून जातात, त्याला शांती मिळते. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या आपल्या माणसांना याहून जवळचे उदाहरण कोणते द्यावे?

मात्र एक सावधानता हवी. हाव जशी गरजेचे कपडे घालते, तशी ती भक्तीचेही कपडे घालू शकते. लोटोचे तिकीट खिशात ठेवून देवापुढे हात जोडणारा माणूस श्रद्धेने उभा नसतो, तो दुकानात उभा असतो. ‘माझे हे काम कर, मी तुला ते वाहीन’ या बोलण्यात देव म्हणजे दुसरा हप्तेवाला दुकानदार होतो. गावोगावच्या मंडळांनीही मनाशी विचारावे की, आपली मूर्ती यंदा आणखी उंच कशासाठी? प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात सहज विरघळत नाही. २०२० साली ‘वाकाशियो’ जहाजाचे तेल समुद्रात पसरले, तेव्हा याच बेटावरच्या माणसांनी उसाचे पाचट भरून तरंगते बांध शिवले आणि आपली लगून वाचवण्यासाठी रात्रंदिवस खपली. त्याच पाण्यात न विरघळणारी मूर्ती सोडणे देवाला कसे आवडेल? हातात मावेल एवढी मातीची मूर्ती देवाला पुरते. न पुरणे हे आपले असते.

यंदा प्रत्येक घराने एवढे करून पाहावे. सणाच्या आधी एक संध्याकाळ सर्वांनी एकत्र बसावे, मुलांनाही बसवावे. कागदावर तीन रकाने आखावेत : गरज, हौस, हाव. जे जे घ्यायचे मनात आहे ते ज्याच्या त्याच्या रकान्यात लिहावे. मुले मोठ्यांपेक्षा प्रामाणिक असतात. ती बाबांची नवी गाडी बरोबर कोणत्या रकान्यात घालायची ते सांगतील, आणि बाबांनी रागावू नये. गरजेच्या रकान्यातले आधी घ्यावे. हौशीच्या रकान्यातली एक गोष्ट निवडावी आणि ती रोखीने, आनंदाने घ्यावी. तिसऱ्या रकान्यातल्या गोष्टींना पुढच्या भाद्रपदापर्यंत थांबायला सांगावे. त्यांतल्या किती तोवर आठवणीत राहतात ते वर्षाने पाहावे.

आणि गरजेच्या रकान्यात पैशाने न मिळणाऱ्या गोष्टींनाही जागा ठेवावी. घरातल्या आजीला नवी शाल दिली म्हणजे तिची गरज भागली असे नाही. आरतीनंतर तिच्याजवळ अर्धा तास बसणारे कोणी तिला हवे असते. बायकोला सणाच्या दिवशी स्वयंपाकघरात मदतीचा हात हवा असतो. मुलांना आई-बापांचा शांत आवाज हवा असतो. या गरजा कोणत्याही दुकानात भागत नाहीत, आणि त्यांच्यासाठी हप्तेही पडत नाहीत.

मंगलमूर्ती आपल्या सर्वांच्या घरी येवोत, मोदकांचा वास घराघरांत दरवळो, आणि निरोपाच्या दिवशी मखर रिकामे झाल्यावर प्रत्येक घरात कर्जाच्या कागदाऐवजी भरलेले मन मागे राहो, हीच प्रार्थना.